काळी पाचवरून काळी दोनवर: थायरॉईडच्या नजरेतून सुटणाऱ्या खुणा कशा ओळखाव्यात

आईचा थायरॉईड पहिल्यांदा पकडला तो भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांनी. आपण काय पकडलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही काळी पाचला गायचात. दोन वर्षांत काळी दोनवर आलात, पट्टी एवढी खाली गेली. घसा दाखवून या एकदा." घसा दाखवला, अ‍ॅसिडिटीची गोळी मिळाली. त्याच सुमारास हाताला मुंग्या येतात म्हणून मनगटाला पट्टा आला, कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून आणखी एक गोळी, केस गळतात म्हणून घरचं कांद्याचं तेल. चार तक्रारी, चार फायली, आणि एकाही फायलीत टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, नाही. वर्षभराने कुणीतरी तपासलं तेव्हा आकडा होता ६८. असायला हवा चारच्या आसपास किंवा खाली.

यात कुणा एका डॉक्टरचा दोष काढता येत नाही. थायरॉईडचं कुठलंही एक लक्षण उचला, त्याला दुसरं पटण्याजोगं कारण हाताशी असतंच. थकवा? वय झालं. वजन? बाळंतपणानंतर सुटतंच. विसरभोळेपणा? टेन्शन. पाळीचा गोंधळ? चाळिशी. प्रत्येक लक्षण एकेकटं दाखवलं की प्रत्येकाला त्याचा त्याचा जामीन मिळतो. म्हणून काम उलट्या दिशेने करायचं: आधी घरी सगळ्या खुणा एका कागदावर आणायच्या आणि तो कागद एकाच डॉक्टरसमोर ठेवायचा. निदान डॉक्टरांनीच करायचं आहे, पण जुडगं बांधून देणं आपल्या हातात आहे.

आधी मुकादमाची गोष्ट

थायरॉईड ही गळ्यात, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला चिकटून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. ती टी-४ आणि थोडं टी-३ हे हार्मोन सोडते, आणि शरीराचा वेग त्यावर ठरतो: हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, त्वचा, पाळी, स्नायू, मेंदू. तिच्यावर देखरेख करते मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी. टीएसएच म्हणजे या मुकादमाची हाळी. मजूर मंदावला की मुकादम जोरात ओरडतो, मजूर अति वेगाने काम करू लागला की तो गप्प होतो.

हे एवढ्यासाठी सांगितलं की "माझा थायरॉईड वाढलाय" असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा थायरॉईड प्रत्यक्षात मंदावलेला असतो. वाढलेलं असतं ते टीएसएच. लोक हा घोळ घालतात, मग वेगवान थायरॉईडसाठी कुणीतरी सांगितलेला पथ्याचा कागद मंद थायरॉईडवाल्याच्या फ्रिजवर चिकटतो.

पायरी १: एक कागद, दोन वर्षं

"मला काय होतंय" असं लिहू नका. "दोन वर्षांपूर्वी नव्हतं आणि आता आहे असं काय" ते लिहा, आणि लिहिताना घरातलं एक माणूस शेजारी बसवा. थायरॉईड इतक्या हळू मंदावतो की ज्याचा त्याला कळत नाही. घरच्यांना आणि पेटीवाल्यांना आधी कळतं. हे प्रश्न विचारा:

पंख्यावरून भांडणं होतात का? बाकीच्यांना उकडत असताना तुम्ही चादर ओढता का? उलट, डिसेंबरातही तुम्हालाच पंखा लागतो का?

अंगठी, जोडवी, बांगड्या घट्ट झाल्या का? सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर सूज वाटते का? मंद थायरॉईडमध्ये त्वचेखाली पाणी धरून ठेवणारा पदार्थ साचतो. त्यामुळे दाबल्यावर खळगा न पडणारी सूज येते. तीच स्वरतंतूंवर आली की आवाज जाड होतो, आणि मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली गेली की रात्री अंगठा आणि पहिली दोन-तीन बोटं बधिर होतात. आईच्या चारपैकी दोन फायली या एकाच सुजेच्या होत्या.

पोट साफ होण्याचे दिवस बदलले का? रोज जाणारा माणूस दोन-तीन दिवसांआड जाऊ लागला, किंवा एकदा जाणारा तीनदा जाऊ लागला?

घोरणं नव्याने सुरू झालं का? पोटऱ्यांत गोळे येतात का? टाचा आणि कोपरं नेहमीपेक्षा जास्त फुटतात का? ओळखीच्यांची नावं जिभेवर येऊन अडकतात का?

पाळी: मंद थायरॉईडमध्ये सहसा रक्तस्राव जास्त आणि जास्त दिवस, वेगवानमध्ये कमी आणि उशिरा येणारी. गर्भ राहत नसेल किंवा पुन्हा पुन्हा पडत असेल तर हे लिहायला संकोच करू नका, टीएसएच तपासायचं ते एक ठोस कारण आहे.

वजनाबद्दल थोडं स्पष्टच सांगतो. मंद थायरॉईडने वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या घरात असतं, आणि त्यातलं बरंचसं पाणी आणि मीठ. पंधरा किलो वाढलं असेल तर सगळं त्याच्या माथी मारू नका. आणि वजन अजिबात वाढलं नाही म्हणून थायरॉईड नसेलच, असंही धरू नका.

मनाची लक्षणं या कागदावर सगळ्यात शेवटी येतात, कारण ती आपण सांगतच नाही. काही करावंसं न वाटणं, रडू येणं. किंवा छातीत धडधड, झोप न लागणं, उगाच चिडणं. पहिल्या जोडीला नैराश्य म्हणतात, दुसरीला अँक्झायटी, आणि दोन्हींच्या मुळाशी कधीकधी ही ग्रंथी असते. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून थांबवू नका. टीएसएच कधी झालं होतं एवढं विचारा. लिथियमची गोळी असेल तर ते विचारायलाच हवं, कारण लिथियम स्वतःच थायरॉईड मंदावू शकतं. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांनाही हेच लागू. त्या गोळीत भरपूर आयोडीन असतं, आणि तिने थायरॉईड दोन्ही दिशांना बिघडू शकतो.

पायरी २: आरसा, पाणी आणि घड्याळ

खिडकीच्या उजेडात आरशासमोर उभे राहा. मान किंचित मागे करा, पाण्याचा घोट घ्या आणि गिळताना कंठमण्याच्या खाली, गळपट्टीच्या हाडाच्या वर बघा. गिळताना वर-खाली सरकणारा फुगवटा किंवा एकाच बाजूची गाठ दिसली तर डॉक्टरांना दाखवायची. कंठमणी स्वतःही सरकतो, त्याला गाठ समजून घाबरू नका. गाठ भराभर वाढत असेल, टणक लागत असेल किंवा तिच्यासोबत आवाज बसला असेल, तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ झालाय का? ही जुनी, पुस्तकात हमखास सापडणारी खूण. पण थ्रेडिंग करणाऱ्या बायकांत ती दिसतच नाही, आणि पन्नाशीनंतर भुवया तशाही विरळतात. म्हणून तिला अर्धाच गुण द्या.

डोळे: बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय, नजर रोखल्यासारखी वाटते, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, एकाच्या दोन वस्तू दिसतात? हे वेगवान थायरॉईडच्या ग्रेव्हज नावाच्या आजारात होतं. बरेच लोक वर्षभर अ‍ॅलर्जीचे थेंब घालत राहतात. सिगारेट ओढणाऱ्यांत डोळ्यांचा हा त्रास जास्त चिघळतो.

हात समोर ताणून धरा आणि त्यावर वर्तमानपत्राचं एक पान ठेवा. बारीक थरथर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कागदाच्या कडेला दिसते. मग उकिडवे बसून हाताचा आधार न घेता उठा. देशी संडासातून उठताना नळ धरावा लागू लागला, एसटीची पायरी चढताना दांडा ओढावा लागू लागला, तर मांड्यांचे स्नायू सैल पडत असतील. त्याला लोक गुडघेदुखीच म्हणतात.

शेवटी नाडी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण मिनिटभर मोजा, तीन दिवस. पळणारा, घाम गाळणारा माणूस नसताना ती सतत साठच्या खाली किंवा नव्वदच्या वर असेल, तर कागदावर लिहा.

पायरी ३: कपाटातली जुनी फाईल

थायरॉईड स्वतःच्या नावाने समोर येण्याआधी दुसऱ्यांच्या रिपोर्टांत सही करून गेलेला असतो. पाच वर्षांचे रिपोर्ट काढा आणि हे शोधा.

एलडीएल कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं, तेही खाणं न बदलता. थायरॉईड मंदावला की यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही. आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू केल्यावर अंग फार दुखू लागलं असेल, तर आधी टीएसएच बघायला हवं. लोह देऊनही न हलणारं हिमोग्लोबिन. किंचित वाढलेलं प्रोलॅक्टिन. सोडियम कमी. वाढलेलं सीपीके. रक्तदाबाचा खालचा आकडा वर सरकलेला. मधुमेह असेल आणि पथ्य पाळूनही साखर एकाएकी हाताबाहेर गेली असेल तर वेगवान थायरॉईडचा संशय घ्यावा. साठीनंतर ईसीजीत ठोके अनियमित, एट्रियल फिब्रिलेशन, असं लिहून आलं तरीही.

जिथे चित्र पुस्तकासारखं दिसत नाही

म्हाताऱ्या माणसांत वेगवान थायरॉईड वेगवान दिसत नाही. थरथर नाही, घाम नाही. आजोबा गप्प होतात, जेवत नाहीत, वाळत जातात, आणि घरचे मनातल्या मनात कॅन्सरची किंवा शेवटाची तयारी करू लागतात. रक्ताची एक साधी तपासणी इथे राहून जाते.

तरुण पुरुषांत एक विचित्र प्रकार होतो. लग्नाच्या पंगतीत गोडाधोडाचं भरपेट जेवण किंवा दिवसभराची मेहनत, आणि पहाटे जाग येते ती पाय हलेनासे झाल्यावर. पोटॅशियम एकदम घसरल्याने हे होतं, आणि त्यामागे वेगवान थायरॉईड असू शकतो. आशियाई पुरुषांत हे जास्त आढळतं. "बाहेरची बाधा" म्हणून अंगारा लावत बसू नका. हृदयाला धोका असतो, तडक दवाखाना.

बाळंतपणानंतरचं वर्ष तर सुटण्यासाठीच बनलेलं आहे. पहिल्या काही महिन्यांत धडधड, चिडचिड, वजन झपाट्याने कमी. मग चौथ्या ते आठव्या महिन्यात उलट: थकवा, उदासपणा, केस मुठीने गळणं. दोन्ही टप्प्यांना घरात एकच उत्तर मिळतं, "बाळ झोपू देत नाही ना." बहुतेकींची ग्रंथी पुढे सावरते, काहींची कायमची मंद राहते.

याच संदर्भात एक गोष्ट, जी टीएसएचच्या भरवशावर राहिलं तर हमखास निसटते. बाळंतपणात अति रक्तस्राव झाला, नंतर अंगावरचं दूध आलंच नाही, पाळी पुन्हा आली नाही, आणि बाई वर्षानुवर्षं थकलेली, थंडगार. इथे मुकादमच, म्हणजे पिट्युटरी, रक्ताअभावी जखमी झालेली असते. ती ओरडूच शकत नाही, म्हणून टीएसएच नॉर्मल किंवा कमी येतं आणि "थायरॉईड नॉर्मल" असा शिक्का बसतो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. इथे फ्री टी-४ आणि कॉर्टिसॉल पाहावं लागतं, आणि कॉर्टिसॉल कमी असेल तर त्याचा उपचार थायरॉईडच्या गोळीच्या आधी सुरू करावा लागतो. उलट क्रम जिवावर बेतू शकतो. आजीच्या, मावशीच्या बाळंतपणाच्या गोष्टी म्हणून नीट ऐका.

मुलं: दोन वर्षांत गणवेशाची पँट आखूड झाली नाही, मूल गुटगुटीत आणि "फार शांत" आहे, तर उंचीचा तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. अभ्यासात अचानक घसरण, हात स्थिर न राहणं, अक्षर बिघडणं ही दुसरी, म्हणजे वेगवान थायरॉईडची, बाजू. नवजात बाळात तर वाट पाहायचीच नसते. जन्मतः थायरॉईड नसलेलं किंवा मंद असलेलं बाळ आपल्याकडे साधारण हजारेक जन्मांमागे एक असतं, आणि ते सुरुवातीला ठणठणीत दिसतं. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, जाडसर रडणं ही लक्षणं उमटेपर्यंत मेंदूची हानी सुरू झालेली असते. तिसऱ्या दिवशी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच करतात. केलंय का ते डिस्चार्जच्या आधी विचारा. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मूल चारचौघांसारखं वाढतं.

आणि मानेच्या पुढच्या भागात दुखतंय, कळ जबड्यात-कानात जाते, बारीक ताप आहे, काही आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप होऊन गेलाय? दातवाल्याकडे जाण्याआधी थायरॉईडला सूज आली आहे का ते पाहा.

पायरी ४: रक्त द्यायला कधी आणि कसं जायचं

पहिली तपासणी फक्त टीएसएच, वर सांगितलेल्या शीहानसारख्या शंका सोडून. ते बिघडलेलं असेल तर फ्री टी-४, वेगवान वाटलं तर टी-३ही. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी, एकदा पुरे. ते दरवर्षी मोजून हाती काही लागत नाही. सोनोग्राफी गाठ लागत असेल तरच. पॅकेज विकणारे वेगळं सांगतील.

उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही. मात्र टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला, त्याच लॅबमध्ये जा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. डेंग्यू, टायफॉईड, ऑपरेशन असं काही चालू असताना तपासू नका. मोठ्या आजारपणात आकडे तात्पुरते हलतात. आणि केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन डॉक्टरांना सांगून निदान दोन दिवस आधी बंद करा. बायोटिन शरीरात काही बिघडवत नाही, ते लॅबच्या मशीनला फसवतं: अनेक मशीनवर टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. थायरॉईडमुळे केस गळतात, केसांसाठी बायोटिन घेतलं जातं आणि बायोटिनमुळे थायरॉईड झाकला जातो, हे वर्तुळ मी ओळखीत दोनदा पाहिलं आहे.

पायरी ५: आकडा वाचणं

बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा ०.४ ते ४.५च्या आसपास असते. त्याहून जास्त पण दहाच्या आत, आणि फ्री टी-४ नॉर्मल, तर घाईने आयुष्यभराची गोळी घेऊ नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. सत्तरीपुढे सहा-सातही वयाला धरून असू शकतं. दहाच्या वर असेल तर सहसा गोळी सुरू होते. गर्भारपण हा अपवाद: तिथे मर्यादा कडक असतात आणि पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर वाढतं. आधीपासून गोळी घेणारीने पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांना फोन करावा, कारण डोस बहुधा पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो.

हे काही दुर्मीळ प्रकरण नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांत केलेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉईड मंद आढळला होता.

पायरी ६: गोळी सुरू झाल्यावर

लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. डोळे उघडण्याआधी चहा लागतो. म्हणून बाटली उशाशी ठेवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. बाटली गॅसजवळ किंवा बाथरूममध्ये ठेवू नका, आणि पावसाळ्यात गोळ्या डबीत काढून ठेवू नका. दमट हवेत त्या खराब होतात. एखाद्या दिवशी विसरलात तर गोंधळू नका, हे औषध रक्तात सुमारे आठवड्याने निम्मं होतं. म्हणूनच डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच करतात.

वेगवान थायरॉईडसाठी कार्बिमॅझोल घेत असाल आणि ताप व घसादुखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि सीबीसी करा. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात.

कोबी-फ्लॉवर शिजवून खा, काही होत नाही. मिठाचं मात्र लक्षात ठेवा. गळगंड रोखण्यासाठी १९६२पासून देशात मोहीम आहे आणि २००६पासून आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला पुन्हा बंदी आहे, तरी उपवासाचं सैंधव आणि "गुलाबी" मीठ यांत सहसा पुरेसं आयोडीन नसतं. एकादशीला खाल्लं तर ठीक. घरात रोजचंच झालं, आणि त्यात गर्भार बाई असेल, तर ते बदला. उलट टोकाला जाऊन समुद्रशेवाळाच्या गोळ्याही नकोत, जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

धाप, छातीत धडधड आणि असंबद्ध बडबड करायला लावणारा ताप, किंवा अंग गार पडून माणूस गुंगीत जाणं: या दोन्हींत वर लिहिलेला कागद घरीच राहू द्या आणि गाडी काढा.

आईला गोळी सुरू झाल्यावर बद्धकोष्ठ पंधरा दिवसांत सुटलं, मनगट तीन महिन्यांत. कोलेस्टेरॉलची गोळी सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी बंद केली. आवाज सगळ्यात शेवटी आला, तोही काळी चारपर्यंतच. हा आजार घराण्यात फिरतो म्हणून मावशीचं आणि माझं रक्तही तेव्हाच तपासलं. मावशीचं टीएसएच १४ निघालं. ती कधीपासून "माझी पचनशक्तीच मंद" म्हणत होती. माझं नॉर्मल आहे, पण अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, म्हणून दर जुलैत एकदा, त्याच लॅबमध्ये, सकाळी आठला.